छापील किमतीचा कोट

छापील किंमत म्हणजे दुकानदाराने चारचौघांत बोलून दाखवलेली आशा, असं खरेदीसाहेबांचं ठाम मत होतं. आशेचा मान राखावा, पण तिच्यासाठी खिशात हात घालू नये. पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते खरेदी विभागाचे प्रमुख होते आणि नटबोल्टांपासून कँटीनच्या साखरेपर्यंत एकही वस्तू त्यांच्या टेबलावरून सांगितलेल्या भावाने पुढे गेलेली नव्हती. घरीही तेच. न्हाव्याकडे गेले की टक्कल पडलेल्या भागाची वजावट मागत, आणि न्हावीही बिचारा ती देत असे. सोसायटीत लहानथोर सगळे त्यांना खरेदीसाहेब म्हणत. कुणाला फ्रीज घ्यायचा असो की मुलीचा पलंग, त्यांना बरोबर नेल्याशिवाय कुणी दुकानाची पायरी चढत नसे.

अशा माणसाची एकुलती एक लेक, ठमी, मोठी होऊन नसलेल्या कापडाचे कपडे शिवू लागली.

म्हणजे झालं असं की ठमी चित्रकला शिकली आणि दुसऱ्या शहरात एका लहानशा कंपनीत उमेदवारीवर लागली. कंपनीने मोबाइलवरचा एक खेळ काढला होता. एक बेट, बेटावर आपलं झोपडं, समोर समुद्र. दिवसभर मासे धरायचे आणि चौकात जमून गप्पा मारायच्या. खेळ सगळ्यांना फुकट. फुकट आलेल्या प्रत्येकाला गोणपाटाचा वाटावा असा एक राखाडी सदरा मिळे. त्याहून बरं काही अंगावर हवं असेल तर खेळातल्याच दुकानातून खरे पैसे देऊन घ्यायचं. ते कपडे काढणाऱ्या मंडळींत ठमी होती. तिचा पहिला कोट नुकताच दुकानात लागला होता. महिनाअखेरपर्यंत तो चालला तर ठमी कायम होणार, नाही चालला तर गाशा गुंडाळून घरी येणार, असा मामला होता.

हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा खरेदीसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

"हा कोट घातल्यावर मासे जास्त मिळतात का?"

"नाही, बाबा."

"माणूस पाण्यात बुडत नाही, असं काही?"

"नाही."

"मग होतं काय?"

"छान दिसतो."

खरेदीसाहेबांनी फोनवर हात ठेवून सौभाग्यवतींकडे पाहिलं. "ऐकलंस? छान दिसतो म्हणे. एका बऱ्या शर्टाच्या किमतीत नुसता छान दिसतो."

"मग?" बाई पापड भाजावेत इतक्या सहजपणे म्हणाल्या. "आपल्या लग्नात सूट घालून तुम्ही कुठे मासे धरले होते?"

साहेबांनी हात बाजूला केला. ठमी सांगत होती की शंभर माणसं खेळली तर त्यातली दोन-चारच काहीतरी विकत घेतात, आणि त्यांच्या जिवावर बाकीच्यांचा खेळ चालतो. हौशी माणसाने कोट घ्यायचा, म्हणजे राखाडी सदऱ्यातल्या सगळ्यांना समुद्र फुकट मिळतो. खरेदीसाहेबांच्या उभ्या कारकिर्दीत त्यांनी असा धंदा पाहिला नव्हता. ग्राहकाला घासाघीस करायला जागाच ठेवायची नाही, वर त्याला दानशूर ठरवायचं, हे त्यांना मनातून आवडलंही.

"मी बघतो," ते म्हणाले.

"तुम्ही काहीच करू नका, बाबा. नुसत्या शुभेच्छा द्या."

पण शुभेच्छा ही फुकट वस्तू, आणि फुकट वस्तूवर साहेबांचा विश्वास नव्हता. कोट खपवायचा त्यांनी विडा उचलला.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंना, तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना आणि समोरच्या विमावाल्यांना खेळ उतरवून घ्यायला लावला. कोट आपल्या मुलीने काढलाय हे मात्र सांगितलं नाही. ओळखीपोटी घेतलेल्या मालाला दुसरं गिऱ्हाईक येत नाही, हा त्यांचा कारखान्यातला अनुभव होता. माल स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. ते फक्त एवढंच म्हणाले, की तिथे एक कोट आहे, एकदा आरशासमोर घालून बघा.

हा आरसा महत्त्वाचा. खेळातल्या दुकानात एक उभा आरसा होता. पैसे न देता कुठलाही कपडा चढवून त्यात स्वतःला पाहता येई, फिरून पाठही दिसे. आवडला तर घ्या, नाही तर काढून ठेवा. कोटाची किंमत पैशांत नव्हती, मोत्यांत होती. मोती पैसे देऊन घ्यायचे, आणि तेही सुटे नाही तर पुडक्यांत. साहेबांनी पुडकी आणि कोट यांचा हिशेब मांडून पाहिला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की कुठलंही पुडकं घेतलं तरी कोट घेऊन थोडे मोती हातात उरतात आणि त्या उरलेल्यांत टोपीसुद्धा येत नाही. ते बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिले. अशी सफाई त्यांच्या नातेवाइकांतसुद्धा कुणाकडे नव्हती.

मंडळींना कोट आवडला. खरंच आवडला. डॉक्टर तो आरशात घालून इतका वेळ फिरत होते की बाहेर एक रुग्ण तोंड उघडं ठेवून बसला होता. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "साहेब, घेऊन टाकू का?"

इथे एखादा साधा बाप "घ्या" म्हणाला असता आणि ही गोष्ट संपली असती. पण "घेऊन टाकू का" हे शब्द कानावर पडले की खरेदीसाहेबांच्या अंगात काहीतरी आपोआप सुरू होई. त्यात त्यांचा दोष नव्हता. पोहणाऱ्याला पाण्यात टाकलं की तो हात मारतो, तसं ते.

"थांबा," ते म्हणाले. "एकेकट्याने घ्यायची घाई करू नका. सगळे मिळून घेऊ. मी भावाचं बोलतो."

त्यांचा हेतू सोन्यासारखा होता. भाव थोडा खाली आला की शंभर लोक घेतील, ठमीचा कोट धडाक्यात खपेल, आणि शेजाऱ्यांचेही पैसे वाचतील. दोन्ही बाजूंचं भलं करून स्वतः मधे उभं राहायचं, हीच तर त्यांची जागा होती. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्या आल्या त्यांनी खेळाच्या मदतकेंद्राला पत्र लिहिलं. विषय: कोटाच्या दराबाबत. महोदय, आपल्या कोटास कापड लागलेले नाही, अस्तर नाही, बटणे नाहीत, वाहतूक नाही व गोदामभाडेही नाही, ही बाब आपल्या निदर्शनास आणू इच्छितो. तरी दराची फोड करून पाठवावी व घाऊक खरेदीचा विचार करून सुधारित दर कळवावा, ही विनंती.

उत्तर तत्क्षणी आलं. 'तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कोट दिसत नसल्यास फोन बंद करून पुन्हा चालू करा.'

साहेबांनी फोन बंद करून पुन्हा चालू केला. कोट दिसत होता, किंमतही दिसत होती. त्यांनी दुसरं पत्र लिहिलं, थोडं कडक. त्यावर पासवर्ड बदलण्याची कृती आली. तिसऱ्यावर, बेटावर मासे कसे धरावेत याची माहिती.

"पक्का माणूस आहे," साहेब खुशीत येऊन म्हणाले. "मुद्द्याला हातच लावत नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा जागेवर हजर. अशा माणसाशी व्यवहार करण्यात मजा असते."

"अहो, ते यंत्र आहे," बाई म्हणाल्या.

"पहिल्या भेटीत सगळे विक्रेते तसेच वाटतात."

ही बातमी सोसायटीत पसरली ती 'बोलणी नाजूक टप्प्यावर आहेत' या रूपात. आणि तिथून प्रकरणाला पाय फुटले. विमावाल्यांचा सगळा धंदाच ओळखींवर चालतो. त्यांनी आपल्या झाडून सगळ्या विमेदारांना कळवलं, की खेळ घ्या, कोट आरशात घालून बघा, पण विकत घेऊ नका, आमचे खरेदीसाहेब भाव पाडतायत. डॉक्टरांनी दवाखान्याच्या दारावर तसा कागद लावला. वाट पाहणारी माणसं दाढ धरून आरशासमोर उभी राहू लागली. सेक्रेटरीबाई आसपासच्या सगळ्या सोसायट्यांच्या मंडळावर होत्या. तिथल्या सभेत पाणीपट्टीचा विषय मागे टाकून कोटाचा विषय पुढे घेण्यात आला आणि 'थांबून राहावे' असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. ओळखीचा नसलेला एक गृहस्थ रस्त्यात साहेबांना थांबवून म्हणाला, "तुम्हीच ना ते कोटवाले? आम्ही सगळे तुमच्या मागे आहोत. एक छदाम देणार नाही."

साहेबांची छाती भरून आली. आपल्या लेकीच्या कोटासाठी एवढे लोक गोळा झालेले पाहून कुठल्या बापाला बरं वाटणार नाही?

एक अडचण मात्र घरातच निघाली. संध्याकाळी सगळे बेटावरच्या चौकात जमत. राखाडी सदऱ्यांची ती गर्दी एखाद्या आश्रमासारखी दिसे. त्या गर्दीत एक बाई ठमीचा कोट घालून मासे धरत बसलेली डॉक्टरांना दिसली. चौकशी केली तर त्या साहेबांच्या सौभाग्यवती निघाल्या.

"वहिनी! कितीला पडला?" विमावाल्यांनी विचारलं.

"लिहिली होती तेवढी दिली," बाई म्हणाल्या. त्यांनी तो पहिल्याच दिवशी घेतला होता. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, कारण त्याने विचारलं नव्हतं.

राखाडी सदरे एकमेकांकडे पाहू लागले. कोट वाऱ्यावर सुंदर हलत होता, आणि त्या क्षणी निदान दहा-बारा जण दुकानाकडे वळले असते. पण साहेबांच्या अब्रूचा प्रश्न होता. ज्याच्या शब्दावर सगळा गाव थांबला, त्याच्या बायकोने छापील किंमत मोजावी? ते घाईघाईने पुढे झाले.

"तो नमुना आहे," ते म्हणाले. "घाऊक मागणी देण्याआधी एक नग मागवून बघतात. आमच्या कारखान्यात तशीच पद्धत आहे."

"असं होय!" मंडळी निर्धास्त झाली आणि पुन्हा मासे धरू लागली. साहेब घरातल्या सोफ्यावर बसून घाम पुसत होते. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं, आणि लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला त्या पाहण्याचा अर्थ कळायला हवा होता.

महिना उतरणीला लागला तेव्हा ठमीचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"काय गं? जेवलीस का?"

"बाबा, माझ्या कोटात काहीतरी खोट आहे."

"कसली खोट? काहीतरीच काय!"

"आमच्याकडे सगळ्यात आधी एकच गोष्ट बघतात. आरशात किती लोकांनी घालून पाहिला, आणि त्यातल्या किती जणांनी घेतला. फारशा लोकांनी पाहिलाच नसेल, तर म्हणता येतं की नजरेस पडला नाही. पण माझा कोट, बाबा, इतक्या लोकांनी घालून पाहिलाय की कंपनीत कुणाच्याच कपड्याचं असं झालेलं नाही. नुसती रीघ लागलीय. आणि एकजात सगळे काढून ठेवतात." ती थांबली. "बॉसबाई म्हणाल्या, लांबून बरा दिसत असेल, अंगावर घातला की लोकांना बघवत नसेल. मी कॉलर दहा वेळा बदलून पाहिली. मला काय चुकलंय तेच कळत नाहीये. आठवड्याच्या शेवटी ठरवणार आहेत ते."

मग ती रडायला लागली. रडताना तिला बोलणं जमत नाही, हे लहानपणापासूनचं.

खरेदीसाहेबांना आता सगळा हिशेब कळला. दर पाडण्याच्या नादात त्यांनी शहरभरातून माणसं गोळा करून लेकीच्या आरशासमोर उभी केली होती, आणि प्रत्येकाला कोट काढून ठेवायला स्वतः शिकवलं होतं. परक्या माणसाने तिचं एवढं नुकसान केलं असतं तर त्यांनी त्याला कोर्टात खेचलं असतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्यावर काय करायचं याचा त्यांना सराव नव्हता.

"तू रडू नको," ते कसेबसे म्हणाले. "कोटात काही खोट नाही. मी बघतो."

फोन ठेवल्यावर बाई म्हणाल्या, "तुम्ही आता काही बघू नका. तुम्ही बघितलंत म्हणून तर ही वेळ आली."

पण हा माणूस हातपाय गाळून बसणाऱ्यांतला नव्हता. ज्याने बाजार थांबवला त्याला तो सुरूही करता येईल, या खात्रीने ते चपला सरकवून थेट दवाखान्यात गेले.

"डॉक्टर, तो कोट घेऊन टाका. आज. आहे त्या किमतीला."

डॉक्टरांनी रुग्णाच्या तोंडातला आरसा बाहेर काढला, साहेबांकडे पाहिलं आणि हळूच डोळा मारला. "समजलं. आता आपण उत्साह दाखवायचा, समोरचा गाफील राहणार, आणि मग एकदम माघार. वा, साहेब, वा."

"अहो, तसं नाही. खरंच घ्या."

"अगदी असंच बोला सगळीकडे. चेहराही असाच ठेवा."

विमावाल्यांनी वेगळाच अर्थ लावला. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "साहेब, घराघरांत जाऊन 'घ्या घ्या' म्हणताय, म्हणजे कंपनीने तुमच्याशी आतून जमवलेलं दिसतंय. हरकत नाही. कमिशन किती ठरलंय तेवढं सांगा. त्यातलं आमचंही काही बघा." साहेबांच्या जन्मात त्यांच्या सचोटीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. ते तडक बाहेर पडले.

सेक्रेटरीबाईंनी शेवटी सभाच बोलावली. खाली सोसायटीच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. शेजारच्या सोसायट्यांचेही लोक आले. 'कोट: पुढील धोरण' असा फळ्यावर विषय होता. साहेब पुढे आले, घसा साफ केला आणि म्हणाले, "बोलणी संपली. भाव कमी होणार नाही. मी तो आहे त्या किमतीला घेतोय. इथे, तुमच्यासमोर."

हॉलमध्ये हास्याची लाट उठली. मागून कुणीतरी म्हणालं, "साहेबांचा डाव अजून बाकी आहे!"

साहेबांनी फोन काढला. मोत्यांचं पुडकं निवडलं. उरणाऱ्या मोत्यांकडे एकदा पाहिलं, पण बोट मागे घेतलं नाही. बँकेच्या कार्डाचा क्रमांक घातला, पासवर्ड घातला, बटण दाबलं. चाक फिरलं, फिरलं आणि थांबलं. 'व्यवहार नाकारण्यात आला.' लगेच फोन वाजू लागला. घाईत साहेबांचं बोट स्पीकरवर पडलं आणि बँकेतल्या बाईंचा स्वच्छ, गोड आवाज सगळ्या हॉलमध्ये घुमला.

"नमस्कार. तुमच्या खात्यावर आत्ता एक संशयास्पद व्यवहार झालाय. तो तुम्हीच करताय का?"

"हो, मीच."

"आम्ही तो थांबवलाय, कारण तो तुमच्या सवयीशी जुळत नाही. आमच्याकडे असं दिसतंय, की तुमच्या खात्यावरून आजवर कूपन किंवा सवलत न लावता कधी पैसेच गेलेले नाहीत. हा पहिलाच."

मागच्या रांगेतले लोक ऐकायला पुढे सरकले.

"खरेदी कशाची आहे?" बाईंनी विचारलं.

"कोटाची."

"कोट घरी कधी येणार आहे?"

"येणार नाही."

पलीकडचा आवाज अधिकच गोड झाला. "म्हणजे कोट हातात मिळणार नाही, हे माहीत असूनही तुम्ही पैसे देताय?"

"हो."

"घाबरू नका हं. नुसतं हो किंवा नाही म्हणा. तुमच्या आजूबाजूला उभं राहून कुणी तुम्हाला हे करायला लावतंय का?"

"आम्ही सगळेच उभे आहोत!" सेक्रेटरीबाई मदतीच्या भावनेने ओरडल्या.

त्यापुढे साहेबांना आपली जन्मतारीख, पहिल्या शाळेचं नाव आणि मागच्या महिन्यात मिक्सरच्या भांड्यावर मिळवलेली सवलत, एवढं सगळं भर सभेत सांगावं लागलं. बाईंची अखेर खात्री पटली. "शेवटचं विचारते," त्या म्हणाल्या. "छापील किंमत, पूर्ण रक्कम, कुठलीही सवलत नाही. तुम्हाला हे मान्य आहे?"

खरेदीसाहेबांनी हॉलवरून नजर फिरवली. ज्यांचे फ्रीज, पलंग, पंखे आणि चष्मे त्यांनी अर्ध्या किमतीत मिळवून दिले होते, ती सगळी माणसं त्यांच्याकडे पाहत होती. उद्यापासून ह्यातला एकही जण त्यांना दुकानात नेणार नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. आणि दुसऱ्या शहरात एक मुलगी अकराव्यांदा कॉलर बदलत बसलेली दिसत होती.

"पूर्ण रक्कम," ते मोठ्याने म्हणाले. "मान्य आहे. घ्या."

व्यवहार झाला. मग डॉक्टर सावकाश उठून उभे राहिले.

"साहेब, तुम्ही खरंच पूर्ण दिलेत?"

"दिले."

"काही न बोलता?"

"काही न बोलता."

"अहो, हे गृहस्थ माझ्याकडे दाढ काढायला आले, तर शेजारच्या दाढेची तपासणी तिच्यातच धरायला लावली होती," डॉक्टर सगळ्यांकडे वळून म्हणाले. त्यांच्या आवाजात जवळजवळ भक्ती होती. "ह्या माणसाने घासाघीस न करता पैसे मोजले, म्हणजे त्या कोटात आपल्याला न कळलेलं काहीतरी आहे."

"बँकेलाही पटत नव्हतं," सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

"म्हणजे दिलेत ते स्वस्तच पडले असणार," विमावाले पुटपुटले, आणि सगळ्यात आधी त्यांनीच फोन काढला. कमिशनचा विषय त्यांच्या डोक्यातून निघून गेला होता. पाठोपाठ खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. खिशांतून, पर्समधून फोन निघाले. कुणी भावाला कळवत होतं, कुणी विमेदारांना, की थांबू नका, खुद्द खरेदीसाहेबांनी पूर्ण किंमत दिली. ती बातमी भाव पाडण्याच्या बातमीपेक्षा वेगाने गेली, कारण तिच्यावर विश्वास ठेवणं अवघड होतं आणि म्हणून ती सांगण्यात जास्त मजा होती.

साहेबांना जे वाटलं होतं ते झालंही. दुसऱ्या दिवशी भाजीवालीने टोमॅटोचा भाव सांगितला आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "राहू द्या हो, तुम्ही आता पूर्ण देता म्हणे." न्हाव्याने टकलाची वजावट बंद केली. कारखान्यात एका पुरवठादाराने दर वाढवून पत्र पाठवलं आणि शेवटी 'आपल्या बदललेल्या धोरणाचं स्वागत' असं लिहिलं. साहेबांनी त्याला कारखान्यात बोलावून असा काही सोलून काढला की तो जुन्या दरापेक्षाही खाली उतरून गेला. पण शहरातली पत गेली ती गेलीच.

आठवड्याच्या शेवटी ठमीचा फोन आला. "बाबा, झाले मी कायम!" ती ओरडली. शेवटच्या दोन-तीन दिवसांत आरशासमोरून लोक कोट घेऊनच बाहेर पडत होते म्हणे, आणि बॉसबाईंना हे काय झालं तेच कळत नव्हतं. ठमीने कॉलर बदलली म्हणून खपला असेल, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. मदतकेंद्राला कुणीतरी खरमरीत पत्रं लिहीत होतं, तेही बंद झालं म्हणाली. बाई बोलणार होत्या, पण साहेबांचा चेहरा पाहून त्यांनी विचार बदलला.

"बाबा, एक विचारू? तुम्ही घातलात का तो? कसा आहे?"

खरेदीसाहेबांनी तोवर तो घातलाच नव्हता. पैसे भरून फोन खिशात टाकला तो टाकलाच. माल आवडल्याचं दाखवायचं नाही, या सवयीने महिनाभर ते आरशासमोरही एकदा उभे राहिले नव्हते. लेकीला थांबायला सांगून त्यांनी बाईंच्या फोनवरून खेळ उघडला, आपलं नाव घातलं आणि राखाडी सदरा उतरवला. मग बेटावरच्या किनाऱ्यावर जाऊन उभे राहिले.

त्यांनी माल तपासला, कारखान्याच्या फाटकावर तपासतात तसा. खांदे पाहिले, पाठ पाहिली, वळून वळून शिवण पाहिली. वारा आला की कोटाची कड आधी उचलली जात होती आणि अस्तर मागून, जरा उशिराने. एक बटण बाकीच्यांहून किंचित वेगळ्या रंगाचं होतं, कुणीतरी घरी लावल्यासारखं. नुसतं उभं राहिलं तर माणसाचा हात आपणहून खिशात जात होता. ते कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. डोळे भरून आले, आणि चष्मा काढला तर कोट दिसेना, म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला.

"बाबा? आहात ना? कसा आहे सांगा ना. खरं सांगा."

"ठमे," खरेदीसाहेब म्हणाले, "किंमत कमी लावलीत गं तुम्ही लोकांनी."